जाळीमागचा माणूस

"'यांचा दिवा कधी खोटा लागला नाही' असं लिहू, की 'यांचा दिवा कधी खोटं बोलला नाही' असं?" मार्जरी ट्रेझोनानं चष्मा कपाळावर चढवत विचारलं. "पितळेची पट्टी आहे, मिस्टर लाहतेला. एकदा कोरलं की खोडता यायचं नाही."

 एइनो लाहतेला वेलचीच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवून तसाच धरून बसला होता. तुकडा भिजून कपात पडला, तरी त्याची बोटं वरच राहिली.

"अगं, त्याला काय विचारतेस?" त्याची बायको सिल्वी शेगडीजवळून म्हणाली. "लग्नात 'हो' म्हणायला यानं पाद्रीबाबांना घाम फोडला होता. तुला जे बरं दिसेल ते लिही."

मार्जरी हसली. पोर्ट हॅन्लनच्या रिंकचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाचा, कारभार पाहणाऱ्या समितीची ती सचिव. गावाचा हॉकी संघ बुडाला त्याला या फेब्रुवारीत तीस वर्षं होत होती, आणि तिनं मोठा घाट घातला होता. रविवारी दुपारी जुने खेळाडू येणार, संघाची जर्सी मानानं छताला टांगणार, आणि जाळीमागच्या ज्या काचेच्या पिंजऱ्यात एइनो बसायचा, त्यावर त्याच्या नावाची पट्टी लागणार.

"पट्टी नको," एइनो म्हणाला.

"झालं! मला ठाऊकच होतं तुम्ही हेच म्हणणार," मार्जरी कौतुकानं म्हणाली आणि तिनं वहीत पहिलं वाक्य लिहून घेतलं.

ती गेल्यावर सिल्वीनं कप उचलले. "चेहरा का असा केलास? गाव मान देतंय, फाशी नाही देत."

"थंडी वाजतेय," एइनो म्हणाला. सिल्वीनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि शेगडीत लाकूड सारलं.

गावाचा स्टोकर्स हा काही जगावेगळा संघ नव्हता. गावात मोटारी विकणारा व्हर्नन स्टॅगर नावाचा एक हौशी माणूस होता. सरोवरापलीकडच्या कुठल्याशा गावाचा संघ दिवाळखोरीत निघाला, तेव्हा त्यानं त्यांच्या जर्स्या आणि खटारा बस उचलून आणली. जर्स्यांवरची जुनी अक्षरं बायकांनी चर्चच्या तळघरात बसून उसवली आणि नवी शिवली. तरी खालची अक्षरं उठून दिसायचीच, त्यामुळे पहिल्या मोसमात स्टोकर्स कुठल्या गावाचे हे समोरच्यांना चटकन कळायचं नाही. खेळाडू म्हणजे क्यूबेककडून आलेली पाचसहा पोरं, मोठ्या संघांनी नाकारलेले दोनचार जण, आणि गावातला एक खाटीक. तीन हिवाळे संघ टिकला. पण ते तीन हिवाळे खाणी बंद पडल्यानंतरचे होते. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटायचा, गाव मेल्यासारखं पडायचं, आणि शनिवार-रविवारी मात्र अडीच हजार माणसं रिंकमध्ये एकमेकांना खेटून ओरडायची. एका घरातले जे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, ते तिथे शेजारी बसून एकाच पंचाला शिव्या द्यायचे.

एइनो पाणीखात्यात मीटर वाचायचा. दर तीन महिन्यांनी प्रत्येक घराच्या तळघरात उतरायचं, बॅटरीच्या उजेडात आकडा बघायचा, लिहायचा. एवढ्या वर्षांत त्याचा आकडा चुकल्याची एक तक्रार नाही. म्हणून स्टॅगरनं त्यालाच गोल-निरीक्षक नेमलं. काम म्हटलं तर एवढंसं. गोलाच्या जाळीमागे काचेच्या पिंजऱ्यात उंच स्टुलावर बसायचं, हातात बटणाची पेटी धरायची, आणि खेळातली रबरी चकती गोलरेषेच्या पूर्ण पलीकडे गेली की लाल दिवा लावायचा. पूर्ण पलीकडे. रेषेला कड जरी टेकलेली असली, तरी गोल नाही. खेळ बघायचा नाही, भांडणं बघायची नाहीत, फक्त ती बोटभर रुंदीची लाल रेषा बघायची. कुणाला हे शिक्षा वाटेल. एइनोला ते फार आवडलं.

दुसऱ्या हिवाळ्यात सॉल्टर बे या शेजारच्या गावाविरुद्ध सामना होता. दोन्ही गावांचं साताजन्मांचं वैर. सॉल्टर बेच्या एका फटक्यानं चकती जाळीच्या मागच्या दांडीवर आपटून इतक्या वेगात बाहेर आली, की पंचानंही गोल नाही म्हणून हात हलवले. एइनोनं दिवा लावला. आपल्याच गावाच्या विरुद्ध. लोकांनी त्याच्या काचेवर बर्फ फेकला, कुणी अर्धी खाल्लेली पॅस्टी, म्हणजे बटाटा-मांसाची भाजलेली करंजी, फेकली, तिचा बटाटा काचेवरून घसरत खाली आला. पण सामन्यानंतर सॉल्टर बेचा प्रशिक्षक मुद्दाम आला आणि सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "असा माणूस आमच्याकडे नाही." रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात त्याचं नाव घेतलं. आठवड्याभरात शिव्या देणारेच 'आमचा एइनो' म्हणायला लागले.

खरं सांगायचं तर एइनोला त्याची चटक लागली. आयुष्यभर ज्याला लोक फक्त तळघराचं दार दाखवत होते, त्याला आता दुकानात थांबवून बोलत होते. आणखीही एक गोष्ट झाली. त्याचा दिवा फार वेगवान आहे, असं लोक म्हणू लागले. आधी दिवा, मग आरडाओरडा. अंगठा बटणावर ठेवायचा नाही, शेजारी ठेवायचा, हा त्या कामातला पहिला धडा. तिसऱ्या हिवाळ्यात एइनोचा अंगठा बटणावरच असायचा.

शेवटचा सामना पुन्हा सॉल्टर बेशीच आला. संघ पहिल्या चारांत पोचला तर आणखी एक वर्ष चालवीन, नाहीतर विकून टाकीन, असं स्टॅगरनं वर्तमानपत्रात जाहीर केलं होतं. बरोबरी झाली तरी पुरे होती. तीन-तीन गोल झालेले, घड्याळात चाळीस सेकंद राहिलेले. स्टोकर्सचा गोलरक्षक ऑरेल पॉमर्लो हा सत्तावीस वर्षांचा, गावातल्याच लोरेटाशी लग्न करून इथलाच झालेला. त्या दिवशी तो भिंतीसारखा उभा होता. सॉल्टर बेची तीन माणसं एकदम त्याच्या अंगावर आली. चकती कुणाच्या तरी काठीला लागून उडाली, रेषेवर पडली, आणि एइनोचा अंगठा दाबला गेला.

दिवा लागला. आणि त्याच क्षणी एइनोला दिसलं की चकती आत गेलेली नाही. ती आपल्याच कडेवर उभी होती, रेषेच्या बरोबर मध्यावर, आणि लगेच ऑरेल तिच्यावर बसला. पंचानं दिव्याकडे बघून शिट्टी फुंकली. मग सगळे एकमेकांवर कोसळले, आणि त्या ढिगाबरोबर ऑरेलही जाळीत ढकलला गेला, चकतीसकट.

"माझ्याखाली होती! माझ्याखाली!" ऑरेल ओरडत होता.

पंचाला काही दिसलं नव्हतं. तो सरळ काचेपाशी आला आणि त्यानं बोटांच्या पेरांनी टकटक केली. "पूर्ण गेली होती का?"

एइनोच्या मागे सगळं गाव ओरडत होतं. "नाही म्हण, एइनो! अरे, नाही म्हण ना!" समोर, बर्फापलीकडे, सॉल्टर बेचा तो प्रशिक्षक हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत उभा होता. अंगठा चुकला, एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. पण आता 'नाही' म्हटलं, तर गावाच्या ओरड्याला घाबरला असंच सगळे म्हणतील, तो प्रशिक्षकही म्हणेल, असं एइनोच्या मनात आलं. प्रामाणिक म्हणवून घेण्यासाठी त्याला खोटं बोलावं लागणार होतं.

"हो," एइनो म्हणाला. "पूर्ण."

सामना गेला, आणि नवव्या दिवशी बस विकली गेली. पोरं आपापल्या गावी पांगली. रिंकमध्ये त्या हिवाळ्यानंतर फक्त शाळकरी मुलं खेळली. कुणीही एइनोला बोल लावला नाही, हेच मोठं दुर्दैव. उलट, गाव बुडालं तरी चालेल पण एइनो खोटं बोलणार नाही, ही गोष्ट लोक पाहुण्यांना अभिमानानं सांगू लागले. आणि एइनो खरा म्हटल्यावर ऑरेल खोटा, हे ओघानंच आलं.

ऑरेलला मग कुठल्या संघानं बोलावलं नाही. तो गावाच्या बर्फ काढणाऱ्या गाडीवर लागला. दारूच्या गुत्त्यात तो शिरला की कुणीतरी म्हणायचंच, "ऑरेल, दार लाव रे नीट! तुझ्या मागून सगळं आत येतं." तो हसायचा आणि दार लावायचा. तीस वर्षं तो ते दार लावत आला होता. चार वर्षांपूर्वी लोरेटा गेली, तेव्हा कुठे महिनाभर कुणी ती थट्टा केली नाही.

रविवारी दुपारी बर्फावर लाल गालिचा अंथरला होता. जुन्या खेळाडूंपैकी पाच जण आले होते. पोटावर न बसणाऱ्या जर्स्या ओढून ते रांगेत उभे होते आणि एकमेकांच्या टकलांवर विनोद करत होते. ऑरेल टोकाला होता. स्टॅगर कधीच वारला होता, त्याची मुलगी आली होती. बाकांवर चार-पाचशे माणसं असतील. मार्जरीनं पट्टीवरचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि माइक एइनोच्या हातात दिला.

 चौऱ्याहत्तर वर्षांच्या एइनोनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"हे खरं नाही," तो म्हणाला. "माझा दिवा एकदा खोटा लागला. शेवटच्या सामन्यात. चकती आत गेली नव्हती. रेषेवर होती. माझा अंगठा चुकला, आणि पंचानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. ऑरेल खरं सांगत होता. संघ माझ्यामुळे बुडाला."

 मग वरच्या बाकांवरून एक म्हातारा ओरडला, "वा रे एइनो! मन असावं तर असं!" आणि टाळ्या सुरू झाल्या. एकेक करून सगळे उठून उभे राहिले. ऑरेलच्या शेजारच्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "घे, सुटलास लेका! म्हाताऱ्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं."

"तीस वर्षांनीसुद्धा," मार्जरी डोळे पुसत माइकमध्ये म्हणाली, "तीस वर्षांनीसुद्धा हा माणूस आपल्या गोलरक्षकाला सांभाळून घेतोय!"

"नाही गं मार्जरी, मी खरंच..." पण माइक तिच्याकडे गेला होता आणि शाळेचा बँड सुरू झाला होता. एइनो वळून वळून लोकांच्या तोंडांकडे बघत राहिला. सगळी तोंडं प्रेमानं फुललेली होती. त्यात त्याचं ऐकलेला एकही माणूस नव्हता.

नव्हता कसा, एक होती. पहिल्या रांगेत सिल्वी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं टाळी वाजवली नव्हती. तो तिच्यापाशी आला तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "तीस वर्षं माझ्या शेजारी झोपतोस, आणि हे मी माइकवरून ऐकायचं?"

"सिल्वी..."

"माझ्याशी नंतर बोल. घरी जाऊन तुझ्याशी भांडायला मला अख्खा आठवडा आहे. आधी त्याच्याकडे जा. कपडे बदलायच्या खोलीत गेलाय."

ऑरेल बाकावर बसून जर्सी डोक्यातून काढत होता. ती कानांवर अडकली होती. एइनोनं ओढून सोडवली.

"आभार," ऑरेल म्हणाला. जर्सीबद्दल की दुसऱ्या कशाबद्दल, ते कळलं नाही. मग म्हणाला, "चांगलं बोललात, एइनो. पण कशाला? तुमचं नाव कशाला खराब करता माझ्यासाठी? ती आत गेली होती."

एइनो उभाच राहिला. "काय?"

"आत गेली होती. मला सुरुवातीला वाटायचं की नाही गेली. दोन-तीन वर्षं रोज रात्री तेच. पंचाला पत्र लिहिलं, लीगला लिहिलं. लोरेटा वैतागून गेली. शेवटी एकदा म्हणाली, 'ऑरेल, एइनो कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळालं?' यावर मी काय सांगणार? मग मीच मनाशी ठरवलं, गेली असेल. माणूस स्वतःच्या बाजूनंच बघतो. ते मान्य केलं तेव्हा कुठे झोप लागायला लागली."

"ऑरेल, नाही गेली."

"असू द्या हो आता."

"कडेवर उभी होती," एइनो म्हणाला. "आडवी पडलेली नव्हती. नाण्यासारखी कडेवर उभी. अर्धी रेषेच्या अलीकडे, अर्धी पलीकडे. तुझी डावी टाच खांबाला लागली होती, आणि तू तिच्यावर बसलास."

ऑरेलचे जर्सीची घडी घालणारे हात थांबले. बाहेर बँड चुकत-माकत वाजत होता.  मग त्यानं उजव्या मांडीवर, आतल्या बाजूला हात ठेवला.

"इथे टोचली होती," तो म्हणाला. "पंधरा दिवस काळंनिळं होतं. आडवी असती तर कशी टोचेल, असं मी स्वतःलाच विचारायचो. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. लोरेटालासुद्धा नाही, तिला वाटलं असतं हा आता वेडाच झाला."

"मला माफ कर, असं म्हणायची माझी लायकी नाही."

"नाही," ऑरेल म्हणाला. "नाहीये." तो रागानं बोलला नाही, आणि ते एइनोला जास्त लागलं. "माझ्या मुलानं खेळ सोडला. शाळेत पोरं चिडवायची म्हणून. चांगला खेळायचा. तुम्ही दर तीन महिन्यांनी आमच्या घरी यायचात, एइनो. आमच्या टेबलाशी बसून कॉफी प्यायचात."

"हो."

"लोरेटानं तुम्हाला एकदा विचारलं होतं. तळघराच्या जिन्यात. वर येऊन मला म्हणाली, 'मी सरळ विचारलं त्याला. तो हो म्हणाला.' त्या दिवसानंतर तिनं हा विषय काढला नाही. मीही नाही."

एइनोला तो जिना आठवत होता. लोरेटा वरच्या पायरीवर एप्रनला हात पुसत उभी होती, तो खाली बॅटरी धरून होता. तिनं अगदी साधेपणानं विचारलं होतं. खाली दुसरं कुणी नव्हतं, ना गाव, ना तो प्रशिक्षक. तिथे तरी खरं बोलता आलं असतं. रिंकमधल्या खोट्याला घाईचं निमित्त होतं, या खोट्याला कसलंच नव्हतं. तो खाली वाकला, बाकाची कड धरली आणि हळूच ऑरेलच्या शेजारी बसला.

 बँड थांबला, लोक बाहेर पडल्याचे आवाज आले, कुणीतरी गालिचा गुंडाळत होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजून गेले होते.

"तिला हे कळायला हवं होतं," ऑरेल शेवटी म्हणाला.  "बाकी गावाचं मला काही नाही हो. गाव गेलं खड्ड्यात. पण ती जाताना हेच मनात घेऊन गेली, की नवरा चांगला आहे, फक्त एवढं एक कबूल करत नाही."

एइनो रडत होता. त्यानं डोळे पुसले नाहीत.

ऑरेल उठला, कोट चढवला, टोपी घातली. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"चला," तो म्हणाला.

"कुठे?"

"वर. टेकडीवर. माझी गाडी बाहेरच आहे. सकाळी मीच रस्ता मोकळा केलाय. उजेड आहे अजून तासभर."

"मी काय करू तिथे येऊन?"

"तुम्ही सांगा तिला," ऑरेल म्हणाला. "मी सांगून उपयोग नाही. ती तुमच्याच शब्दावर विसंबून होती."

बाहेर सिल्वी मोटारीपाशी उभी होती. तिनं दोघांना बर्फ काढणाऱ्या गाडीकडे जाताना पाहिलं आणि काही न विचारता मोटारीचं दार उघडून आत बसली. गाडीची पायरी उंच होती. एइनोचा पाय दोनदा निसटला. तेव्हा ऑरेलनं वरून हात दिला, आणि एइनोनं तो धरला.

टेकडीवरच्या दफनभूमीत वारा नव्हता. लोरेटा पॉमर्लोच्या दगडापर्यंत फावड्यानं काढलेली अरुंद वाट होती, एका माणसापुरती. ऑरेल मागेच थांबला, गाडीच्या बर्फ लोटणाऱ्या पात्याला टेकून, तोंड सरोवराकडे करून. एइनो एकटा पुढे गेला. दगडावर ताजा बर्फ साचला होता, तो त्यानं हातमोज्यानं झटकला, तेव्हा नाव दिसू लागलं. मग टोपी काढली.

"लोरेटा," तो म्हणाला, "मी एइनो. पाणीखात्यातला. तू मला एकदा विचारलं होतंस."

पुढचं तो अगदी मोठ्यानं बोलला, मागच्या माणसाला शब्दन् शब्द ऐकू जावा इतक्या मोठ्यानं.